हाजी मुकबिलने दिलेली हमी

हाजी मुकबिल गालिब याला कुणी कधी घाईत पाहिलं नव्हतं. अमेरिकेत, डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नच्या दक्षिण टोकाला, मोटारींच्या कारखान्याच्या धुराखाली, येमेनी लोकांची जी वस्ती आहे तिथे तो सदतीस वर्षं राहत होता. त्यातली एकतीस त्या कारखान्यातल्या लोखंडाच्या ओतशाळेत गेली. ओतशाळेने त्याचा डावा कान घेतला आणि बदल्यात पेन्शन दिलं. सौदा वाईट नाही, असं तो म्हणायचा, कारण बायको डाव्या अंगाला झोपते. यावर त्याची बायको तकिय्या आतून ओरडायची, "म्हणून तर या माणसाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते."

वस्तीत ज्याला इंग्रजी कागद आला तो मुकबिलकडे यायचा. विजेचं बिल असो, शाळेची चिठ्ठी असो की व्हिसाचा अर्ज. कपाळावरचा चष्मा खाली यायचा, कागद दोनदा वाचला जायचा आणि मग ठरलेला सल्ला मिळायचा: जे आहे ते खरं लिही आणि तारखेच्या आत दे. कर नाही त्याला डर कशाला, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. ते त्याने पुस्तकातून उचललं नव्हतं. एकदा त्याला ज्यूरीत बसायला बोलावलं होतं. चोरीचा खटला होता, पुरावा लंगडा होता, बारा जणांनी मिळून आरोपीला सोडून दिलं. पण मुकबिलच्या मनात घर करून राहिलं ते वेगळंच. ज्यूरी आत आली तेव्हा कोर्टातले सगळे, मोठमोठे वकीलसुद्धा, उठून उभे राहिले होते. "तिकडे येमेनात रदाच्या डोंगरात शेळ्या राखणारा पोरगा," तो सांगायचा, "आणि त्याच्यासाठी अख्खं कोर्ट उभं." ही गोष्ट लोकांनी इतक्यांदा ऐकली होती की, हाजी, त्या कोर्टाला आता खाली बसू द्या, असं चहावाला हिझाम म्हणायचा.

दोन हजार दोनच्या हिवाळ्यात सरकारने फर्मान काढलं. ठरावीक देशांतून आलेल्या, व्हिसावर राहणाऱ्या, सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढून घ्यायचा, विचारतील त्याची उत्तरं द्यायची. देशाच्या सुरक्षेसाठी म्हणे. देशांची नावं हळूहळू वाढत गेली, आणि एक उत्तर कोरिया सोडला तर बहुतेक सगळीकडे मशिदी होत्या. येमेनवाल्यांना दहा जानेवारीपर्यंत मुदत होती. जो जाणार नाही तो गुन्हेगार.

मुकबिल कधीचा अमेरिकन नागरिक झाला होता, त्याला हे लागू नव्हतं. लागू होतं ते शायिफला. शायिफ हा मुकबिलच्या चुलत बहिणीचा, वर्दाचा, एकुलता एक मुलगा. वय चोवीस. कॉलेजात फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा कोर्स करायला विद्यार्थी म्हणून आला होता आणि मामाच्या घरी माडीवरच्या खोलीत राहत होता. ज्या गावात वीज दिवसातून दोन तास येते त्या गावचा पोरगा फ्रीज दुरुस्त करणार, याच्यावर वस्तीत पुष्कळ विनोद झाले होते. पोरगा स्वतःही हसायचा. आदल्या वसंतात त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्याने एक विषय सोडला. कॉलेजने काही हरकत घेतली नाही. पण तसं करण्याआधी एक परवानगीचं पत्र घ्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्या एका पत्राअभावी, कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे, त्याचा व्हिसा त्या सत्राचे चार महिने मोडलेला होता.

"मामा, मी जात नाही," शायिफ म्हणाला. हिझामच्या दुकानात बसले होते, दुधाळ वेलचीच्या चहाचे पेले समोर. "लॉस एंजेलिसला लोक नोंदवायला गेले ते घरी परतलेच नाहीत. टीव्हीवर दाखवलं."

"ते इराणी होते."

"म्हणजे काय, आपण नॉर्वेचे आहोत?" हिझामने गल्ल्यावरूनच विचारलं. "हाजी, ऐका माझं. विंडसरला माझा मेहुणा आहे. पूल ओलांडला की कॅनडा. उद्या सकाळी पोराला गाडीत घालतो, दुपारच्या नमाजाला तो तिकडे असेल. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?"

शायिफने मान खाली घातली. त्याची बॅग भरून तयार होती, हे मुकबिलला त्या क्षणी कळलं, आणि त्याचा पारा चढला.

"पळतो तो चोर. आज पळालास तर जन्मभर कागदावर पळपुटा राहशील. पोटाला टाके पडले म्हणून विषय सोडला, हा काय दरोडा आहे? हॉस्पिटलचे कागद आहेत. खरं सांगायचं, सही करायची, घरी यायचं."

"आणि नाही येऊ दिलं तर?" हिझाम म्हणाला.

मुकबिलने पेला खाली ठेवला. उजवा हात कपाळावरून दाढीपर्यंत सावकाश फिरवला आणि भाच्याला म्हणाला, "तू माझ्या चेहऱ्यावर आहेस."

रदाच्या डोंगरात हे शब्द कुणी गमतीने उच्चारत नाही. ज्याला चेहरा दिला त्याच्या केसाला धक्का लागला, तर तो धक्का चेहरा देणाऱ्याला लागतो. भरपाई होईपर्यंत त्याने चार लोकांत तोंड दाखवायचं नसतं. मुकबिलच्या बापाने एकदा एका परक्या मीठवाल्याला असाच चेहरा दिला होता. शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांनी त्या माणसाला लुटलं. बाप उठला आणि त्यांच्या वेशीवर जाऊन बसला. शिवी नाही, हाणामारी नाही. त्यांच्या दारांकडे बघत नुसतं बसायचं आणि रोज एक खडा समोर मांडायचा. सत्ताविसाव्या दिवशी ते लोक बैल घेऊन आले, वेशीवर कापला, मिठाची पोती परत केली. मुकबिलने हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने गावाकडे फोन लावून वर्दाला तेच शब्द सांगितले. "मग मला घोर नाही," ती म्हणाली. शायिफने बॅग रिकामी केली.

सात जानेवारीला दोघे डेट्रॉइटला गेले. पोराने शर्टाला इस्त्री केली होती, दाढी नीट कोरली होती. मामाच्या बगलेत फाइल: पासपोर्ट, कॉलेजचं पत्र, हॉस्पिटलची बिलं, टाक्यांचा फोटोसुद्धा. आतल्या दारापाशी शिपायाने मुकबिलला अडवलं; नोंदणी असेल त्यानेच पुढे जायचं. मुकबिल बाहेरच्या बाकावर बसला. नऊ वाजता आत गेलेला पोरगा बारापर्यंत आला नाही, तीनपर्यंत आला नाही. त्याच्यानंतर गेलेले दोन मोरोक्कन बाहेर येऊन, कुणाकडे न बघता, निघून गेले. पाच वाजता एक अधिकारी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत शायिफचा पट्टा होता, घड्याळ होतं आणि बुटांच्या नाड्या होत्या.

"तुमचा माणूस इथेच राहील," तो म्हणाला. माणूस तरुण होता, आवाज मऊ होता.

"गुन्हा काय?"

"गुन्हा काही नाही. कागदात दोष आहे."

"मग तो घरी का येत नाही?"

"ही शिक्षा नाही, साहेब. प्रक्रिया आहे."

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण म्हणतो. इथे चोराचा तर पत्ताच नव्हता, आणि संन्यासी आपल्या पायांनी, इस्त्री करून, तारखेच्या तीन दिवस आधी आला होता. पोराला रात्री हातकड्या घालून तासाभराच्या अंतरावरच्या तुरुंगात हलवलं, हे मुकबिलला दुसऱ्या दिवशी वकिलीणबाईंकडून कळलं. रीम नावाची लेबनानी मुलगी, वस्तीतल्या अशा अकरा केसेस तिच्या टेबलावर आधीच पडल्या होत्या. ती म्हणाली, "जामिनाची सुनावणी लागेल. केस हलकी आहे. पोरगा स्वतःहून आला, रेकॉर्ड कोरं आहे. मिळेल जामीन. तोवर तुम्ही काहीही करू नका, हाजी. अगदी काहीही."

पण काही न करणं मुकबिलच्या रक्तात नव्हतं. चहाच्या दुकानात तो जाईना. मशिदीत मागच्या रांगेत उभा राहायचा आणि नमाजाचा शेवटचा सलाम फिरला की निघून जायचा. तकिय्याने केलेली भाकरी ताटात वाळायची. पाचव्या दिवशी सकाळी त्याने जाड कोट घातला, थर्मासमध्ये चहा भरला आणि डेट्रॉइटला जाऊन ऑफिसच्या समोर, रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या बाकावर बसला. बाकाखाली एक खडा ठेवला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तकिय्या म्हणाली. "ते काय खोऱ्यातले लोक आहेत? त्यांना बैल तरी ठाऊक आहे का?"

"माणसं आहेत ना? माणसाला लाज असते."

तो रोज जायचा. आठ ते पाच. थंडी अशी की थर्मासच्या झाकणातला चहा दुसऱ्या घोटाला गार व्हायचा. बस यायची, थांबायची, तो चढायचा नाही. समोरच्या दाराकडे बघत बसायचा. त्या मऊ आवाजाच्या अधिकाऱ्याची गाडी त्याला ओळखू येऊ लागली. तो दिसला की मुकबिल उठून उभा राहायचा, म्हणजे त्याला बघून त्या माणसाला आठवावं. अधिकारी मान वळवून झपझप आत जायचा. लाज वाटतेय, असं मुकबिल घरी येऊन सांगायचा. बाराव्या दिवशी शिपाई रस्ता ओलांडून आला.

"आजोबा, तुम्ही इथे काय करता?"

"वाट बघतो."

"कशाची?"

"तुमची माणसं माझ्याकडे येतील त्याची."

शिपायाने वहीत काहीतरी लिहिलं. मुकबिलला बरं वाटलं. निदान कुणीतरी दखल घेतली. पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याचे आणि बाकाखालच्या खड्यांचे फोटो काढले. त्याने हात वर करून सलाम केला.

मग एका शनिवारी दुपारी सूट घातलेली दोन सरकारी माणसं घरी आली. एकाला मोडकंतोडकं अरबी येत होतं. मुकबिलचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला. आले, शेवटी आले. तकिय्याने मधाची पोळी तव्यावरून थेट ताटात घातली, चहा झाला. त्यांनी विचारलं, तुम्ही त्या इमारतीसमोर रोज का बसता? आणि मुकबिलने सगळं सांगितलं. बाप सांगितला, मीठवाला सांगितला, बैल सांगितला. चेहरा म्हणजे काय, हे पुन्हा पुन्हा नीट समजावलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याची जीभ सैल सुटली होती.

"म्हणजे ज्याने तुमचा शब्द मोडला," अरबीवाला म्हणाला, "त्याच्याशी तुमचं काय नातं राहतं?"

"वैराचं," मुकबिल म्हणाला. "मिटेपर्यंत. मिटलं की आपण एका ताटात जेवायला मोकळे."

दुसऱ्या माणसाने पहिला शब्द लिहून घेतला. पोळी त्यांनी आवडीने खाल्ली. जाताना हात मिळवले. मुकबिलने वर्दाला फोन करून सांगितलं, गोष्ट मार्गी लागतेय. सगळं रीम वकिलीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला बोलायला?" एवढंच त्या म्हणाल्या.

जामिनाची सुनावणी ईदच्या आदल्या दिवशी होती. लहानसं कोर्ट, बाकं चार. शायिफला नारिंगी कपड्यांत आणलं. तो वाळला होता, दाढी वेडीवाकडी वाढली होती. मामाला बघून त्याने ओठातल्या ओठात हसून घेतलं. रीमबाईंनी हॉस्पिटलचे कागद दाखवले, कॉलेजचं पत्र दाखवलं. न्यायाधीश मान हलवत होते. मग सरकारी वकील उठला. त्याच्या हातात एक पान होतं.

कैद्याचा एक जवळचा नातेवाईक, त्याने वाचलं, एकोणीस दिवस सरकारी इमारतीवर नजर ठेवून होता. अधिकाऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि गाड्या त्याला माहीत आहेत. दिवस मोजण्यासाठी तो खुणा ठेवतो. तपासात त्याने आपल्या तोंडाने सांगितलं आहे की या खात्याशी आपलं वैर आहे. कैदी सुटल्यावर याच माणसाच्या घरी राहणार आहे.

रीमबाई ताडकन उभ्या राहिल्या, ही एका जमातीची रीत आहे, हा म्हातारा माणूस आहे, निवृत्त कामगार आहे, असं बरंच बोलल्या. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की सध्याचा काळ पाहता धोका पत्करता येणार नाही. जामीन नाकारला.

मुकबिलला इंग्रजी कळत होतं. पण हे ज्याच्याबद्दल वाचलं तो माणूस कोण, हे कळायला त्याला वेळ लागला. तोवर शायिफने मागे वळून बघितलं होतं. त्या नजरेत राग असता तर मुकबिलला सोसलं असतं. पोरगा नुसता गोंधळला होता. मामाने हे का केलं असेल, एवढाच प्रश्न तिथे होता.

पुढच्या भेटीत, काचेपलीकडून, शायिफ फोनमध्ये म्हणाला, "मामा, आता बसू नका."

"नाही बसत."

"आणि कुणाशी बोलूही नका."

"नाही."

"आईला काय सांगितलंत?"

मुकबिलने तिला फक्त तारीख पुढे गेली असं सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला होता, आणि तेही बहिणीशी. गावात बाकी कसं आहे, पाऊस झाला का, असं भाच्याने विचारलं, जणू तोच तुरुंगाबाहेर होता आणि मामा आत.

एप्रिलमध्ये शायिफला विमानात बसवून परत पाठवलं. येमेनच्या राजधानीत, सना विमानतळावर, तिथल्या सरकारची साध्या कपड्यातली माणसं वाट बघत होती. अमेरिकेने जानेवारीपासून आत ठेवलं आणि मग हाकललं, म्हणजे काहीतरी असल्याशिवाय का, असा त्यांचा हिशेब. त्यांनी त्याला तिथूनच उचललं. कुठे ठेवलं, हे कळायला वर्दाला तीन आठवडे लागले. मग तिचा फोन आला: तिकडचा अधिकारी म्हणतो, पोराने काही केलेलं नाही असा अमेरिकेचा एक कागद आणा, सोडून देतो. "कागद म्हणजे तुझंच काम, मुकबिल."

तो पुन्हा त्या ऑफिसात गेला. या वेळी त्याला सगळीकडे दोनदा तपासलं. खिडकीतल्या बाईने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, आरोप कधी ठेवलाच नव्हता. जो ठेवला नाही त्यातून निर्दोष सुटल्याचा दाखला कसा देणार? असा फॉर्म नाही. मुकबिलला सगळे फॉर्म पाठ होते. असा नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो गेला होता, कारण वर्दाने सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. त्याने कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक. मी जाते सनाला. तुरुंगाच्या दारासमोर बसते."

"ताई, बसू नकोस."

"का? तू नाही बसलास? बर्फात बसलास माझ्या पोरासाठी. अख्खं गाव तुझं नाव घेतं, म्हणतं गालिबचा मुलगा बापावर गेला. माझ्या पोराचं नशीब खोटं, त्यात तुझा काय दोष? मीपण बसते. त्यांना लाज वाटेल."

स्वयंपाकघरातून तकिय्या बाहेर आली आणि हाताने नको नको करू लागली. सांगू नका. मुकबिलने तिच्याकडे पाठ केली.

"ताई, मी बसलो म्हणून त्याचा जामीन गेला," तो म्हणाला. "नाहीतर तो सुटला असता. ते म्हणाले, हा माणूस आमच्यावर पाळत ठेवतो. कोर्टात माझ्याबद्दल वाचलं. मी त्यांना घरात घेऊन सगळं सांगितलं होतं. आणि त्याच्याही आधी, तो कॅनडाला जायला निघाला होता. बॅग भरलेली होती. मी थांबवला."

 

"बॅग भरलेली होती," वर्दा म्हणाली.

"हो."

"नोंदवायला गेला म्हणून धरला. खरं सांगितलं म्हणून ठेवला. तू बसलास म्हणून हाकलला. हाकलला म्हणून इथे धरला." ती रागावलेली नव्हती. एकेक गोष्ट बोटावर घेतल्यासारखी, सावकाश बोलत होती. "आता कागद नाही. आणि बसायचं पण नाही म्हणतोस."

"बसू नकोस. तुलाही उचलतील."

"मग करायचं काय? तेवढं सांग, मुकबिल. तुला सगळं ठाऊक असतं."

मुकबिलने सवयीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. समोर वाचायला कागद नव्हता.